साध्या डेस्कटॉपवर के३सी६०: क्वांटम एस्प्रेसोचं परीक्षण

आधी निकाल सांगतो. पोटॅशियम, रुबिडियम किंवा सिझियम मिसळलेल्या सेंद्रिय रेणूंच्या घन पदार्थांची इलेक्ट्रॉन-रचना काढायची आहे, हाताशी १६ जीबी रॅमचा एक डेस्कटॉप आहे आणि परवान्यावर खर्च करायला पैसे नाहीत, अशी स्थिती असेल तर क्वांटम एस्प्रेसो हा मोफत गणना-संच बिनधास्त घ्या. काम होतं आणि चांगलं होतं. पण त्याच्या शिकवणीतल्या नमुना-फायली जशाच्या तशा वापरू नका. त्या सिलिकॉन, ॲल्युमिनियम, तांबं अशा पदार्थांसाठी लिहिलेल्या आहेत. रेणूंच्या स्फटिकात फर्मी पातळीजवळचे (म्हणजे इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरतात त्या ऊर्जेजवळचे) बँड, म्हणजे ऊर्जापट्टे, इतके अरुंद असतात की तिथले नेहमीचे आकडे इथे उत्तरच पुसून टाकतात. सॉफ्टवेअर मात्र काही बोलत नाही, शेवटी ‘जॉब डन’ छापून मोकळं होतं.

हे परीक्षण मुख्यतः सोलापुरातल्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या किंवा शहरातल्या कॉलेजांच्या भौतिकशास्त्र विभागात बसून या विषयात शिरायचं तर गणना हा सर्वांत स्वस्त दरवाजा आहे. के३सी६० म्हणजे साठ कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूंचा (सी६०) स्फटिक, दर चेंडूमागे तीन पोटॅशियम घातलेला. तो हवेत टिकत नाही. ते बनवायला पोटॅशियम हाताळण्याजोगा ग्लोव्हबॉक्स, निर्वातात सील केलेल्या काचनळ्या, दिवसेंदिवस तापमान धरून ठेवणारी भट्टी आणि मापन होईपर्यंत नमुना ओलाव्यापासून जपायची व्यवस्था लागते. गणनेला यातलं काहीच लागत नाही. लागते ती शिस्त.

क्वांटम एस्प्रेसो हे एक सॉफ्टवेअर नसून पुष्कळ प्रोग्रॅमचा संच आहे. परवाना जीएनयू जीपीएल, भाषा मुख्यतः फोरट्रान, मुळं इटलीतल्या त्रिएस्तेत, आणि पाओलो जियानोत्सी व सहकाऱ्यांचा त्यावरचा मूळ शोधनिबंध २००९चा. आत डेन्सिटी फंक्शनल सिद्धांत आहे (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारा), लहरफलनं समतल लहरींत मांडली जातात आणि अणूच्या आतले इलेक्ट्रॉन स्यूडोपोटेन्शियलमध्ये झाकले जातात. आपल्याला लागतात ते पीडब्ल्यू (मूळ गणित), बँड्स (बँडचा आलेख), डॉस (अवस्थाघनता, म्हणजे कुठल्या ऊर्जेला किती अवस्था), प्रोजेडब्ल्यूएफसी (अणूंच्या ऑर्बिटलवर प्रक्षेपण) आणि पीपी (घनतेची चित्रं). फोनॉनसाठी, म्हणजे स्फटिकाच्या कंपनांसाठी, पीएच आहे, त्याच्याकडे पुढे येऊ.

उबंटूच्या भांडारातून तयार पॅकेज मिळतं, शिकायला ते पुरेसं आहे. खऱ्या कामासाठी सोर्सवरून बांधा: जीफोरट्रान, ओपन-एमपीआय, एफएफटीडब्ल्यू ३ आणि ओपनब्लास आधी बसवा, मग कॉन्फिगर चालवा. इथे पहिला खड्डा आहे. ब्लास-लॅपॅकची, म्हणजे मॅट्रिक्सच्या गणिताची, चांगली लायब्ररी सापडली नाही तर कॉन्फिगर थांबत नाही, जे मिळेल त्यावर भागवतं. प्रोग्रॅम चालतो, उत्तरही बरोबर येतं, फक्त कित्येक पट हळू. म्हणून मेक सुरू करण्याआधी मेक डॉट इंक फाइल उघडून ब्लासच्या ओळीत ओपनब्लासचं नाव आहे ना ते डोळ्यांनी पाहा. दुसरा खड्डा थ्रेडचा. एमपीआयच्या समांतर चालणाऱ्या चार प्रक्रिया आणि प्रत्येकीत ओपनब्लासचे चार-चार थ्रेड सुटले, तर सहा कोअरचं मशीन स्वतःशीच भांडत बसतं. ओएमपी-नम-थ्रेड्स १ ठेवा आणि प्रक्रिया खऱ्या कोअरइतक्याच द्या, हायपरथ्रेडिंगचे दुप्पट आकडे धरू नका. गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डावर यासाठी पैसे घालू नका. हे गणित डबल प्रिसिजनमध्ये चालतं आणि त्या कार्डांचा तो वेग मुद्दामच कमी ठेवलेला असतो. तेवढ्या पैशांत रॅम ३२ जीबी करा.

आता पदार्थाकडे. सी६०च्या रेणूत भरलेल्या पातळ्यांपैकी सर्वांत वरची एच-यू, पाच ऑर्बिटलची, आणि रिकाम्या पातळ्यांपैकी सर्वांत खालची टी-वन-यू, तीन ऑर्बिटलची. टी-वन-यूमध्ये सहा इलेक्ट्रॉन मावतात. स्फटिकात शिरलेला प्रत्येक पोटॅशियम आपला ४एस इलेक्ट्रॉन सोडून देतो आणि तो या पातळीत जाऊन बसतो. म्हणून के३सी६०मध्ये पातळी निम्मी भरते आणि पदार्थ धातू होतो. के६सी६०मध्ये ती पूर्ण भरते आणि पदार्थ विद्युतरोधक होतो. के३सी६० १८ केल्विनखाली अतिसंवाहक होतं, हे बेल लॅब्जमधल्या ए. एफ. हेबर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं. रुबिडियम घातलं तर हाच आकडा २९च्या घरात जातो.

सॉफ्टवेअरचा खरा कस लागतो तो रचना भरताना, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. नेटवरून सी६०ची कुठलीतरी निर्देशांकांची फाइल उचलायची आणि घनाच्या मध्यावर ठेवायची, हा सोपा मार्ग चुकीचा आहे. त्या फायलीतला चेंडू कसाही फिरलेला असतो. के३सी६०च्या स्फटिकात रेणूचे तीन द्विगुणी अक्ष घनाच्या अक्षांवर बसले पाहिजेत. ते बसवायला फाइल लागतच नाही. सुवर्ण गुणोत्तर फाय म्हणजे १.६१८०३३९८८७ घ्या आणि हे तीन बिंदू लिहा: (०, १, ३फाय), (१, २+फाय, २फाय), (फाय, २, २फाय+१). शून्य सोडून प्रत्येक आकड्याला अधिक-उणे अशी दोन्ही चिन्हं द्या आणि तिन्ही जागा चक्राकार फिरवा. पहिल्यापासून १२, दुसऱ्यापासून २४ आणि तिसऱ्यापासून २४ असे बरोबर ६० अणू मिळतात. मग सगळ्यांना ०.७१६३ने गुणा, त्रिज्या ३.५५ अँगस्ट्रॉम होते. या घडीला सर्व बंध १.४३ अँगस्ट्रॉमचे असतात. शिथिलीकरणानंतर (अणू त्यांच्यावरची बलं मिटेपर्यंत सरकवल्यावर) दोन षटकोनांमधला बंध १.४० आणि पंचकोनाच्या कडेचा १.४५च्या आसपास जाऊन थांबतो. तिथे गेला नाही तर पुढे जाऊ नका.

जागा चक्राकारच फिरवायच्या, हे महत्त्वाचं. अदलाबदल करून सहाही क्रम घेतले तर १२० अणू होतात. उलट क्रमाचे तेवढे तीनच घेतले तर ९० अंशांनी वळलेला दुसरा चेंडू मिळतो. प्रत्यक्ष के३सी६०मध्ये प्रत्येक जागी या दोनपैकी कुठला चेंडू बसेल याला नियम नसतो, अर्धे असे आणि अर्धे तसे, विस्कळीत. आपण मोजतो तो सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेला आदर्श स्फटिक. म्हणून अवस्थाघनतेच्या आलेखातली बारीक-बारीक शिखरं प्रयोगाशी जुळवत बसू नये. विस्कळीतपणा ती शिखरं पसरवून टाकतो.

जालक फलक-केंद्रित घनाचं, स्थिरांक १४.२४ अँगस्ट्रॉम. मूळ पेटीत (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यात) एक चेंडू आणि तीन पोटॅशियम, एकूण ६३ अणू. चेंडूचा मध्य शून्यावर. चतुष्फलकी पोकळीतले दोन पोटॅशियम (३.५६, ३.५६, ३.५६) आणि (−३.५६, −३.५६, −३.५६) येथे, अष्टफलकी पोकळीतला तिसरा (७.१२, ७.१२, ७.१२) येथे. सर्व निर्देशांक अँगस्ट्रॉममध्ये द्या आणि शीर्षकाच्या ओळीत अँगस्ट्रॉम हा शब्द लिहिला आहे ना ते तपासा. तो राहिला की प्रोग्रॅम भलतंच एकक धरतो, अणू भलतीकडे जाऊन पडतात आणि ‘एस मॅट्रिक्स नॉट पॉझिटिव्ह डेफिनिट’ अशी तक्रार येते. ही तक्रार दिसली की लायब्ररीला दोष देण्याआधी अणूंमधली अंतरं मोजा, दहातल्या नऊ वेळा दोन अणू एकमेकांवर चढलेले सापडतील.

रचना बरोबर आहे याची खूण आउटपुटच्या पहिल्या पानातच असते: २४ सममिती-क्रिया सापडल्या, व्युत्क्रमासह. २४ऐवजी १ किंवा २ दिसलं तर चेंडू वाकडा बसला आहे किंवा दशांशस्थळं कमी पडली आहेत. तीन-चार दशांशांवर भागवू नका, आठ-दहा द्या. याचा फायदा थेट वेळेत दिसतो. ४×४×४च्या जाळीत ६४ के-बिंदू (जिथे बँड मोजायचे ते संवेग-अवकाशातले बिंदू) असतात, काहीच सममिती नसली तर ते ३६ पर्यंत उतरतात, २४ क्रिया सापडल्या तर आठ-नऊच उरतात. शिवाय ६० कार्बनपैकी स्वतंत्र असे तीनच राहतात. १८९ निर्देशांकांपैकी मोकळे फक्त ८, कारण पोटॅशियमच्या जागा सममितीने पक्क्या बांधलेल्या असतात. शिथिलीकरण त्यामुळे मोजक्या पावलांत संपतं. या सोयीसाठी या सॉफ्टवेअरला आमचे पूर्ण गुण.

पेटीचा आकार मात्र शिथिल करू नका, १४.२४वरच ठेवा. टी-वन-यू बँडची रुंदी शेजारी चेंडूंमधल्या अंतरावर अवलंबून असते, ते अंतर इथे १०.०७ अँगस्ट्रॉम आहे. पीबीईला, म्हणजे इथे वापरायच्या फंक्शनलला (इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेच्या अंदाजी सूत्राला), रेणूंमधलं क्षीण आकर्षण नीट कळत नाही, ते पेटी फुगवतं. पेटी फुगली की बँड आकुंचन पावतो आणि फर्मी पातळीवरची अवस्थाघनता वाढते. रुबिडियमच्या मोठ्या पेटीत, सुमारे १४.४ अँगस्ट्रॉमला, नेमकं हेच घडतं आणि संक्रमण तापमान चढतं. पोटॅशियमची पेटी फंक्शनलच्या चुकीने फुगवून घेतली, तर रुबिडियमच्या जवळचं उत्तर पोटॅशियमच्या नावावर छापाल.

स्यूडोपोटेन्शियल निवडताना पोटॅशियमचे ३एस आणि ३पी इलेक्ट्रॉन उघडे ठेवलेली फाइल घ्या. पीएस-लायब्ररीत अशा फाइलच्या नावात ‘एसपीएन’ असतं. एकटा ४एस ठेवणाऱ्या फाइलवर कधीही काम करू नका, कारण इथे तो इलेक्ट्रॉन निघूनच गेलेला असतो आणि उरलेल्या आयनाचं बाहेरचं कवच म्हणजे तेच ३पी. कार्बनसाठी त्याच मालिकेतली पीएडब्ल्यू (स्यूडोपोटेन्शियलचा एक प्रकार) फाइल चालते. लहरफलनांचा कटऑफ (समतल लहरींच्या ऊर्जेची वरची मर्यादा) ६० रिडबर्ग आणि घनतेचा ४८० रिडबर्ग इथून सुरुवात करा, मग ७० करून बलं हलतात का ते पाहा. घनतेचा आकडा लिहायचा विसरलात तर प्रोग्रॅम चौपट, म्हणजे २४० धरतो. पीएडब्ल्यू आणि अल्ट्रासॉफ्टला तो अपुरा आहे, बलं खडबडीत येतात आणि शिथिलीकरण शेवटच्या टप्प्यात घोटाळत राहतं.

मेमरीचा हिशेब कागदावर होतो. पेटीचं आकारमान सुमारे ७२२ घन अँगस्ट्रॉम. ६० रिडबर्गला त्यात साधारण ३८ हजार समतल लहरी बसतात. १६० बँड धरले तर एका के-बिंदूच्या लहरफलनांना १०० एमबीच्या जवळपास जागा लागते, आणि बँड सोडवणाऱ्या डेव्हिडसन पद्धतीला तिच्या कितीतरी पट कामाची जागा हवी असते. १६ जीबीत हे आरामात मावतं. के-बिंदूंचे दोन पूल (एकाच वेळी चालणारे गट) केले तर वेग चांगला वाढतो, मेमरीही दुपटीच्या आसपास जाते. चार पूल करण्याआधी सिस्टिम मॉनिटरकडे लक्ष ठेवा. स्वॅप सुरू झाला की रात्र वाया गेली समजा.

आता या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ६० कार्बनचे २४० इलेक्ट्रॉन, तीन पोटॅशियमचे प्रत्येकी ९ म्हणजे २७, एकूण २६७. संख्या विषम. त्यामुळे ऑक्युपेशन (बँड कसे भरायचे याची सूचना) ‘फिक्स्ड’, म्हणजे खालून एकेक पूर्ण भरत जाणारं, ठेवून के३सी६० चालवलं तर पीडब्ल्यू लगेच थांबतं आणि सांगतं की प्रणाली धातू आहे, ऑक्युपेशन ठरवा. चांगली सवय आहे. पण के४सी६० घ्या: २४० अधिक ३६, म्हणजे २७६. संख्या सम. इथे फिक्स्डवर प्रोग्रॅम निमूटपणे खालचे १३८ बँड भरतो, तीन टी-वन-यू बँडपैकी दोन भरतो, तिसरा रिकामा ठेवतो आणि पुढे जातो. प्रयोगातही के४सी६० विद्युतरोधकच आहे. विद्यार्थी खूश होतो, मार्गदर्शकही मान डोलावतात, आणि प्रबंधात लिहिलं जातं की सिद्धांत प्रयोगाशी जुळला. तो जुळलेला नसतो. त्याच पेटीवर स्मिअरिंग (फर्मी पातळीजवळचा भराव थोडा पसरवणं) लावून मोजा, टी-वन-यू बँड एकमेकांत मिसळलेले आणि फर्मी पातळी त्यांच्या मधोमध, म्हणजे धातू, असंच उत्तर येतं. खऱ्या पदार्थातली दरी (भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर) येते ती इलेक्ट्रॉनांच्या परस्पर-प्रतिकर्षणातून आणि यान-टेलर विकृतीतून (समऊर्जा पातळ्या फुटाव्यात म्हणून रेणू वाकतो त्यातून), बँड सिद्धांतातून नाही. फॅब्रित्सिओ आणि तोसात्ती यांनी १९९७ मध्ये याची मांडणी केली. अल्कधर्मी धातू घातलेल्या कुठल्याही रेणू-स्फटिकाला फिक्स्ड वापरू नये, हा नियम करून टाका. अपवाद फक्त के६सी६०सारख्या पूर्ण भरलेल्या प्रकरणांचा.

स्मिअरिंग लावलं की पुढचा प्रश्न किती. शिकवणीतल्या फायलींत डीगॉस, म्हणजे स्मिअरिंगची रुंदी, ०.०२ रिडबर्ग असतो. ॲल्युमिनियमला तो ठीक आहे, त्याचा बँड दहा इलेक्ट्रॉन व्होल्टांहून रुंद आहे. ०.०२ रिडबर्ग म्हणजे ०.२७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि टी-वन-यू बँडची सगळी रुंदीच अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट. गटाच्या नकाशावर बांधाची हद्द खडूने आखावी, तसा हा प्रकार होतो. डीगॉस ०.००४वर आणा, म्हणजे ०.०५४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. पद्धत मार्झारी-व्हँडरबिल्ट. भूमितीसाठी ४×४×४ पुरतं. अवस्थाघनतेसाठी त्याच घनतेवरून ८×८×८ किंवा १२×१२×१२च्या जाळीवर एनएससीएफ (घनता न बदलता फक्त बँड काढणारं गणित) चालवा आणि तिथे ऑक्युपेशन ऑप्टिमाइज्ड टेट्राहेड्रा ठेवा, म्हणजे स्मिअरिंगचा प्रश्नच मिटतो. डीगॉस कमी केल्यावर एससीएफ (घनता स्वतःशी जुळेपर्यंत फेऱ्या मारणारं मूळ गणित) डुलायला लागलं तर मिक्सिंग बीटा (दर फेरीला नवी घनता किती मिसळायची ते प्रमाण) ०.७वरून ०.३वर आणा. डीगॉस परत वाढवण्याचा मोह टाळा.

बँड ओळखणं सोपं आहे, फक्त मोजावं लागतं. कार्बनचे १२० भरलेले बँड, पोटॅशियमच्या ३एस-३पीचे १२, म्हणजे खालून १३२. १३३, १३४ आणि १३५ हे टी-वन-यू. २६७ वजा २६४, त्यात बरोबर तीन इलेक्ट्रॉन. आलेख काढताना फर्मी ऊर्जा एससीएफ किंवा एनएससीएफमधूनच घ्या, बँडच्या गणितातून नाही. तिथे के-बिंदू एका रेषेवर असतात, त्यावरून इलेक्ट्रॉन मोजण्यात अर्थ नाही. आणखी एक बारकावा पुस्तकांत सहसा सापडत नाही. फलक-केंद्रित घनाची छापील के-वाट (बँडचा आलेख ज्या के-बिंदूंवरून काढतात ती) पूर्ण घनीय सममिती गृहीत धरते. इथे चेंडूमुळे ४८पैकी २४च क्रिया उरतात, आणि एक्सकडून डब्ल्यूकडे जाणाऱ्या दोन वाटा एकसारख्या राहत नाहीत. आपला आलेख दुसऱ्या गटाच्या आलेखाशी त्या तुकड्यात जुळत नसेल तर आधी हे तपासा.

किती विद्युतभार हस्तांतरित झाला, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न. प्रोजेडब्ल्यूएफसी चालवलं की लोव्दिन भारांची, म्हणजे अणूंच्या वाट्याला दाखवलेल्या इलेक्ट्रॉनांची, यादी मिळते आणि पोटॅशियमपाशी इलेक्ट्रॉनचा काही अंश शिल्लक दिसतो. त्यावरून ‘हस्तांतर अपुरं आहे’ असं लिहू नका. पोटॅशियमचं ४एस ऑर्बिटल इतकं पसरट आहे की ते शेजारच्या कार्बनच्या पाय-ढगात पोहोचतं, आणि प्रक्षेपण तिथली घनता पोटॅशियमच्या खात्यावर टाकतं. भरवशाचा पुरावा दोन ठिकाणी आहे: १३३ ते १३५ या बँडांतले तीन इलेक्ट्रॉन, आणि त्या बँडांच्या घनतेचं पीपीने काढलेलं चित्र. ढग चेंडूच्या पृष्ठभागावर दिसला आणि पोटॅशियमच्या जागी पोकळी दिसली की हस्तांतर पूर्ण.

या टप्प्यापर्यंत सॉफ्टवेअर तुम्हाला बरोबर आणून सोडतं. पुढचं उत्तर त्याच्याकडे नाही, आणि ते मागूही नये. एकाच चेंडूवर आणखी एक इलेक्ट्रॉन बसवण्याची किंमत एक ते दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट मानली जाते, बँडच्या रुंदीच्या दुप्पट-तिप्पट. एका ऑर्बिटलचा साधा हिशेब केला तर के३सी६० विद्युतरोधक असायला हवं. तीन समऊर्जा ऑर्बिटल असल्यामुळे ते धातू राहतं, हे गुनारसन, कोच आणि मार्टिन यांनी १९९६ मध्ये दाखवलं. सिझियमपर्यंत गेलं की तेही पुरत नाही. ए१५ रचनेचं सीएस३सी६० साध्या दाबाला चुंबकी विद्युतरोधक आहे आणि दाबाखाली ३८ केल्विनला अतिसंवाहक होतं. पीबीई त्याला खुशाल धातू म्हणेल. शुद्ध सी६०ची दरीसुद्धा हे गणित एक ते दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट देतं, प्रकाश-उत्सर्जनाच्या प्रयोगांत ती २.३ आहे.

इलेक्ट्रॉनांच्या या प्रतिकर्षणाची (यू) दुरुस्ती करणारा ‘प्लस यू’ हा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आहे, ७.१ आवृत्तीपासून त्यासाठी वेगळं हबर्ड कार्डही आहे. पण इथे तो कार्बनच्या २पीवर लावू नका. तो यू अणूचा असतो, आपल्याला हवा तो रेणूचा, ६० अणूंवर पसरलेल्या टी-वन-यूचा. योग्य रस्ता वॅनियर९० मधून जातो (बँडांवरून स्थानिक फलनं काढणारा प्रोग्रॅम): १ ते १३२ आणि १३६पासून वरचे बँड वगळा, तीन वॅनियर फलनं मागा, जाळी सममितीने न आटवलेली पूर्ण द्या. तीन बँड बाकीच्यांपासून सुटे असल्यामुळे डिसएन्टँगलमेंटची (गुंतलेले बँड सोडवण्याची) कटकट लागत नाही. चेंडूवर मध्य असलेली तीन फलनं मिळाली की टाइट-बाइंडिंगचं छोटं मॉडेल हातात येतं, आणि पुढचे परस्परक्रियेचे प्रयोग त्यावर लॅपटॉपवरही होतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला याहून चांगला शेवट आम्हाला माहीत नाही.

चेंडूऐवजी पिसीन (सी२२एच१४, कार्बनच्या कड्यांचा सपाट रेणू) घेणाऱ्यांना वेगळा इशारा. पोटॅशियम घातलेल्या पिसीनमध्ये ७ आणि १८ केल्विनला अतिसंवाहकता दिसल्याचं २०१०मध्ये कुबोझोनो यांच्या जपानी गटाने जाहीर केलं. तेव्हापासून के३पिसीनवर गणितं पुष्कळ झाली, पण गणितात घातलेली रचना बहुधा गणितातूनच आलेली असते. पेटीत दोन रेणू, ७२ अणू अधिक ६ पोटॅशियम, एकूण ७८ अणू. इलेक्ट्रॉन २५८, पुन्हा सम, म्हणजे फिक्स्डवर पुन्हा तोच निमूट घात. सममिती-क्रिया दोनच. रेणूंमधला कोन आणि पोटॅशियमच्या जागा थोड्या वेगळ्या धरून सुरुवात केली तर शिथिलीकरण वेगळ्याच ठिकाणी थांबतं. इथे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणासाठी ग्रिमे डी३ दुरुस्ती लावावीच लागते. पण ती अणूचा विद्युतभार पाहत नाही, शेजाऱ्यांची संख्या पाहते, म्हणून आयन झालेल्या पोटॅशियमचं आकर्षण तिच्याकडून नेमकं येईलच असं नाही. दुरुस्तीसह आणि दुरुस्तीविना असे दोन्ही निकाल शेजारी-शेजारी द्या. खरं तर नवख्यांनी के२पिसीन घ्यावं. २०१७मध्ये पोटॅशियम हायड्राइड वापरून के२पिसीन आणि के२पेंटासीन यांचे स्फटिक मिळाले आणि त्यांची रचना प्रयोगातून कळली. मोजलेल्या रचनेवर उभं राहिलेलं साधं गणित अंदाजाच्या रचनेवरच्या भारी गणितापेक्षा जास्त मोलाचं असतं.

सोलापुरात हे चालवताना दोन गोष्टी हवामानाच्या आणि विजेच्या. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ, जिथे यंत्रमाग चालतात, तिथे रुईचं तूस सीपीयूच्या हीटसिंकमध्ये नमद्यासारखं बसतं. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, आत हवा जात नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना असा प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि तेच गणित दुपारी रात्रीपेक्षा जास्त वेळ घेतं. आउटपुटमध्ये प्रत्येक फेरीला लागलेला वेळ छापलेला असतो. फेऱ्या हळूहळू लांबत चालल्या असतील तर आधी पंखा सोडवून ब्रशने हीटसिंकच्या पात्यांमधलं तूस काढा. लांब गणितं संध्याकाळी लावा.

वीज गेल्यावर काय होतं, यात सॉफ्टवेअर समंजस आहे. चालू फोल्डरमध्ये गणिताच्या प्रीफिक्सच्या नावाची आणि एक्झिट असं एक्स्टेन्शन असलेली रिकामी फाइल तयार केली, की चालू तुकडा पूर्ण करून पीडब्ल्यू व्यवस्थित थांबतं, आणि रीस्टार्ट मोड बदलून तिथूनच पुढे चालतं. यूपीएस यूएसबीने जोडून बॅटरीवर जाताच ही फाइल तयार करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लावा. थांबायला काही मिनिटं लागतात, म्हणून बॅटरी संपत आल्यावर नव्हे, वीज गेल्याबरोबर ती चालली पाहिजे. यूपीएस नसेल आणि मशीन धाडकन बंद पडलं तरी सगळं जात नाही. घनता प्रत्येक एससीएफ फेरीला डिस्कवर जाते, स्टार्टिंग-पॉट ‘फाइल’ केलं की बऱ्याच फेऱ्या वाचतात. मॅक्स-सेकंड्स देऊन ठरावीक वेळेला थांबवायचीही सोय आहे, भारनियमनाचं वेळापत्रक माहीत असेल तर तीच वापरा.

पीएचबद्दल थोडक्यात: ६३ अणूंचे १८९ कंपनप्रकार, इलेक्ट्रॉन-फोनॉन जोडणीसाठी दाट जाळी. हे डेस्कटॉपचं काम नाही, पुण्यातल्या आयसरच्या परम ब्रह्मसारख्या यंत्राचं आहे. या पदार्थांत महत्त्वाची जोडणी चेंडूच्या स्वतःच्या कंपनांशी असते, विशेषतः एच-जी जातीच्या आठ कंपनांशी. एकट्या रेणूवर ती आपल्या मशीनवरही काढता येतात.

पर्यायांत व्हीएएसपीची पीएडब्ल्यू मालिका उत्तम आहे आणि चुका कमी होऊ देते, पण तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. सिएस्टा कमी मेमरीत चालतं, मात्र स्थानिक ऑर्बिटलचा संच पोटॅशियमसाठी काळजीने रचावा लागतो. दोन्ही दिशांचे चेंडू मिसळून मोठी पेटी करायची असेल तर सीपी२के पाहा, के-बिंदूंच्या कामात ते तितकं सोयीचं नाही.

पहिल्यांदा हात घालणाऱ्यांनी के३सी६०आधी के६सी६० करावं. अंतःकेंद्रित घन, स्थिरांक ११.३९ अँगस्ट्रॉम, ६६ अणू, २९४ इलेक्ट्रॉन, १४७ बँड पूर्ण भरलेले. स्मिअरिंगचा प्रश्न नाही, आणि यात चेंडू सगळे एकाच दिशेला असतात, त्यामुळे मोजलेली आणि खरी रचना एकच. १४७ आणि १४८ या बँडांमध्ये सगळीकडे स्वच्छ दरी दिसली की स्यूडोपोटेन्शियल आणि चेंडूची बसकण बरोबर असल्याची पहिली खूण मिळाली. मग त्याच फायली घेऊन के३कडे वळा.